आधी पहिली गन नीट बसवा, दुसरीचं मग बघू

वाचकाचं पत्र

मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. वय ५६, आता अमेरिकन नागरिक. गॅस स्टेशन आणि त्याला लागून छोटं स्टोअर आहे. रात्री क्लोजिंग करून दिवसाची कॅश घेऊन मीच निघतो. टेक्सासचं लायसन्स टू कॅरी, म्हणजे गन अंगावर बाळगायचा परवाना आहे. ग्लॉक १९ हे ९ एमएमचं पिस्तूल वापरतो, पँटच्या आत, उजव्या कमरेच्या मागच्या बाजूला. गेले काही महिने उजवा खांदा आखडला आहे. डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. गन काढताना कळ येते. रेंजवरचे मित्र म्हणतात, बॅकअप म्हणून दुसरी छोटी गन ठेव. एक म्हणतो घोट्याला बांध, दुसरा म्हणतो खिशात ठेव, तिसरा म्हणतो काउंटरखाली ठेवून दे. भाचा एच-१बी व्हिसावर आहे, आमच्याकडेच राहतो, रात्री कधीमधी सोबतीला येतो. वेळ पडली तर दुसरी गन त्याच्या हातात देता येईल, असंही मनात आहे. नोव्हेंबरात गाडीने न्यू मेक्सिकोला व्हाइट सँड्स बघायला जाणार आहोत आणि डिसेंबरात पुण्याला. बायकोला यातलं काहीच पसंत नाही. नक्की काय करू?

— एक दुकानदार, केटी, टेक्सास

उत्तर

नमस्कार.

तुम्ही विचारलंय दुसऱ्या गनबद्दल, पण सुरुवात खांद्यापासून करावी लागेल. मी घेतो त्या गनच्या लायसन्सच्या वर्गात पन्नाशीपुढची मंडळी बरीच येतात आणि खांदा धरलेला माणूस मला लांबून ओळखू येतो, कारण तो पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात आणून ठेवतो. तुम्हीही ठेवलं असणार. फ्रोझन शोल्डरमध्ये हात पाठीमागे नेणं आणि बाहेरच्या बाजूला वळवणं या दोन हालचाली फार आखडतात. तुमची गन नेमकी तिथे आहे जिथे पोचायला कोपर मागे न्यावं लागतं आणि मग वर खेचावं लागतं. ज्या हाताला पाकीट काढता येत नाही त्याला तिथून अंगावरचा शर्ट उचलून, पक्की पकड घेऊन, घाईत पिस्तूल काढता येईल, अशी आशा ठेवू नका. आज तुमच्या कमरेला ८५० ग्रॅमच्या आसपास वजन आहे, पण वेळेला हाती लागेल अशी गन नाही. अशा अवस्थेत दुसरी घेतलीत तर ती बॅकअप कसली? तीच तुमची एकमेव गन होईल, आणि तीही छोटी, पाच गोळ्यांची, नेम धरायला कठीण.

म्हणून आधी पहिलीची जागा बदला. ग्लॉक पुढे आणा. पोटाच्या पुढे, बेल्टच्या बकलच्या जरा उजवीकडे, ज्याला रेंजवर ॲपेंडिक्स कॅरी म्हणतात. तिथून काढताना कोपर शरीराच्या बाजूलाच राहतं आणि खांद्याला फारसं काम पडत नाही. डाव्या हाताने शर्ट वर धरायचा, उजव्याने पकड घ्यायची. डावा हातही तिथे पोचतो, ही आणखी एक सोय.

यात दोन अडचणी आहेत. पहिली पोटाची. पन्नाशीनंतर आपल्याकडे पोट जरा पुढे असतंच, आणि स्टुलावर बसलं की गनची मूठ बरगडीखाली टोचते. होल्स्टर (गन ठेवायचं कव्हर) थोडं वरखाली करून आणि मूठ आत दाबणारा छोटा पंख असलेलं होल्स्टर घेऊन हे बरंच कमी होतं. तरीही काहींना जमत नाही. दुसरी अडचण गंभीर आहे. त्या जागी नळीचं तोंड मांडीकडे आणि त्याहून नाजूक भागाकडे असतं. ग्लॉकला वेगळी सेफ्टीची कळ नाही, जे काही आहे ते ट्रिगरमध्येच. त्यामुळे ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं होल्स्टर लागतं. कापडी, मऊ, तोंड मिटणारं चालणार नाही. गन परत आत घालताना घाई करायची नाही. कंबर पुढे काढायची, वाकून बघायचं, शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी आत अडकत नाही ना याची खात्री करायची आणि सावकाश घालायची. अंगावर लावताना किंवा परत घालताना झालेले अपघात बहुतेक असल्याच एखाद्या कापडाच्या टोकाने झालेले असतात.

घरी गन रिकामी करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि फिजिओथेरपिस्टकडून आल्यावर रोज थोडा वेळ ही हालचाल करून बघा. बसून, उभ्याने, गाडीच्या सीटवर बेल्ट लावून. गाडीचं विशेष बघा. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, सीट बेल्टचं बकल त्याच्या उजव्या कमरेशी येतं. म्हणजे तुमची आजची गन गाडीत बसल्यावर बकलखाली, पाठीच्या आणि सीटच्या मधे चेपलेली असते. खांदा धडधाकट असता तरी ती तिथून सहज निघाली नसती.

आता दुसऱ्या गनकडे वळू. बॅकअपची कल्पना आली रिव्हॉल्व्हरच्या काळातल्या पोलिसांकडून. सहा गोळ्या संपल्या की भर झटापटीत एकेक काडतूस भरत बसण्यापेक्षा दुसरं रिव्हॉल्व्हर काढणं जलद, हा साधा हिशेब. त्याला आजही 'न्यूयॉर्क रिलोड' म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांत न्यूयॉर्क पोलिसांचं एक पथक सतत लुटल्या जाणाऱ्या दुकानांत दबा धरून बसायचं. त्यातले जिम सिरिलो यांच्या नावाशी ही पद्धत जोडली जाते. दुकानदार म्हणून तुम्हाला ते पथक जवळचं वाटेल. पण तुमच्या ग्लॉक १९ मध्ये १५ गोळ्या आहेत. गोळ्या संपतील या भीतीने दुसरी गन घेण्याचं कारण आज उरलेलं नाही. त्यासाठी एक जादा मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारा गोळ्यांचा कप्पा, पुरे.

मग उरतात दोन कारणं. पहिली गन बिघडली किंवा हातातून गेली, हे एक. आणि ज्या हाताने ती काढायची तो हातच निकामी झाला, हे दुसरं. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन बँक लुटारू यांच्यात चकमक झाली. जेरी डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोन एजंट मारले गेले, दोन्ही लुटारूही मेले. सुरुवातीलाच गाड्या एकमेकांवर आदळल्या. चकमक अटळ दिसताच काहींनी रिव्हॉल्व्हर आधीच काढून जवळ ठेवलं होतं. धडक बसली आणि जॉन हॅनलन यांचं मुख्य रिव्हॉल्व्हर हातचं गेलं. ते लढले बॅकअपवर, पाच गोळ्यांच्या स्मिथ अँड वेसन मॉडेल ३६ वर, आणि ते पुन्हा भरत असतानाच त्यांच्या हाताला गोळी लागली. बॅकअपचे गुण आणि दोष दोन्ही त्या एका माणसाच्या बाबतीत दिसतात.

त्या चकमकीतून तुमच्यासाठी मी आधी काय उचलीन तर गन अंगावरच हवी. कॅश घेऊन निघताना बरेच दुकानदार पिस्तूल काढून शेजारच्या सीटवर किंवा मांडीखाली ठेवतात. मागून कुणी मुद्दाम गाडी ठोकली तर ते पायाखाली, सीटखाली कुठे जाईल सांगता येत नाही. काउंटरखाली गन ठेवायचा सल्लाही याच कारणाने मला पटत नाही. तुम्ही फ्रीजमधली दुधाची कॅन लावत असाल, दरवाजातून कुणी आत आलं, आणि गन काउंटरखाली. आता तिच्या जास्त जवळ कोण आहे? शिवाय काउंटरखाली काय आहे हे काम करणाऱ्या पोरांना कळतं, त्यांच्या मित्रांना कळतं, आठवड्याभरात अख्ख्या वस्तीला कळतं. ती गन चोरीला गेली की पुढचे प्रश्न पोलीस तुम्हालाच विचारणार. त्या मित्राला चहा पाजा, सल्ला मात्र घेऊ नका.

तुमचं कारण दुसरं आहे: उजवा हात भरवशाचा नाही. म्हणजे बॅकअप डाव्या हाताला सापडली पाहिजे. एवढं ठरलं की बऱ्याच जागा आपोआप बाद होतात.

घोट्याचं बघू. उजव्या हाताने गोळी चालवणारा माणूस अँकल होल्स्टर डाव्या पायाच्या आतल्या बाजूला बांधतो. उभ्याने तिथे पोचायचं तर खाली बसावं लागतं किंवा एका गुडघ्यावर यावं लागतं, एका हाताने पँट वर ओढायची आणि दुसऱ्याने गन काढायची. म्हणजे दोन्ही हात गुंतले. छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांना हे किती आवडेल ते तुम्हीच बघा. पळताना घोट्यावरचं वजन जाणवतं. ह्यूस्टनच्या दमट हवेत पायाचा घाम आणि पार्किंगमधली धूळ थेट गनमध्ये जाते, त्यामुळे दर काही दिवसांनी पुसून तेल द्यावं लागतं, नाहीतर गंज धरलाच म्हणून समजा. पँटची मोहरी रुंद हवी, होल्स्टरखाली लांब मोजा हवा, पोटरीवर आणखी एक पट्टा हवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळं बुटावर उतरतं. एक गोष्ट मात्र घोट्याच्या बाजूने आहे: गाडीत बसलेल्या माणसाला ती जागा सगळ्यात सोपी. दिवसभर गस्तीच्या गाडीत बसणाऱ्या पोलिसांना ती आवडते ते उगाच नाही. तुम्ही गाडीत असता किती वेळ? दुकानापासून बँकेपर्यंत. बाकीचा वेळ पायावर उभे. आणि तिथल्या गनची मूठ उजव्या हातासाठी वळलेली असते. डाव्या हाताने ती पकडून बघा, मनगट किती पिळवटतं ते कळेल. तुमच्यासाठी मी घोटा सोडून देईन.

पाठीच्या मध्यभागी, कण्यावर गन ठेवायची पद्धत चित्रपटात छान दिसते. पाठीवर पडलात तर लोखंड थेट मणक्यावर. आणि तुमचा हात तिथे पोचत नाही हे आपण आधीच बघितलं. बॅगेतली गनही नको. लुटणारा आधी बॅगच ओढतो आणि तुमच्या बॅगेत तर कॅश आहे.

राहिला पुढचा डावा खिसा. मला तुमच्यासाठी हाच बरा वाटतो. रात्री दुकानाला कुलूप घालून गाडीकडे चालत जाताना, म्हणजे खऱ्या धोक्याच्या त्या तीस पावलांत, डावा हात खिशात घालून चालता येतं. बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही आणि पकड आधीच घेतलेली असते. हा फायदा दुसऱ्या कुठल्याच जागेला नाही.

पण खिशाचेही नियम आहेत. गन नुसती खिशात टाकायची नाही. पॉकेट होल्स्टर हवंच, ट्रिगर पूर्ण झाकणारं, बाहेरून खरखरीत म्हणजे खिशाच्या कापडाला धरून राहील. दुकानात घेताना रिकामी गन घालून खिशातून काढून बघा. होल्स्टर गनबरोबर बाहेर आलं तर ते परत करा. त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, नाणी नकोत, पेन नको, ओठांना लावायची कांडी नको, वेलदोड्याची पुडीसुद्धा नको. पेनाचं टोक ट्रिगर गार्डमध्ये शिरायला वेळ लागत नाही. किल्ल्यांचा जुडगा आजपासून उजव्या खिशात. कॅशची बॅगही उजव्या हातात, म्हणजे डावा मोकळा राहील. खिसा खोल आणि तोंडाशी रुंद हवा. घट्ट जीन्समधून मूठ बाहेर येत नाही. खिशातली लोकर, धूळ, भुसा नळीत आणि हॅमरच्या (गोळीवर आपटणाऱ्या घोड्याच्या) फटीत जमतो, म्हणून आठवड्यातून एकदा गन रिकामी करून झटकायची. बसल्यावर खिशातून गन काढणं फार अवघड जातं, मांडी वाकली की खिसा मिटतो. गाडीत बसल्यावर तुमची मदत पोटापुढची ग्लॉक करेल. म्हणून पहिलीची जागा आधी बदलायला सांगितलं.

कुठली गन? दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, दोन्ही एकाच घराण्यातल्या असाव्यात म्हणजे गोंधळात हाताला नवीन काही शिकावं लागत नाही. ग्लॉक २६ ला ग्लॉक १९ चं मॅगझिन चालतं, ही मोठी सोय आहे. पण २६ जाडी आहे, खिशात फुगते. ग्लॉक ४३ बारीक आहे, मात्र तिला १९ चं मॅगझिन चालत नाही. दुसरं मत रिव्हॉल्व्हरचं. स्मिथ अँड वेसन ६४२ सारखं, ज्याचा हॅमर आत झाकलेला असतो, त्यामुळे कापडात काही अडकत नाही. वजन साधारण ४०० ग्रॅम, .३८ स्पेशलच्या पाच गोळ्या. ट्रिगर लांब आणि जड, खिशासाठी तेच बरं. तुमच्या बाबतीत मी रिव्हॉल्व्हर निवडेन, आणि त्याचं कारण पुन्हा तो खांदाच. पिस्तुलाची गोळी अडकली तर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढावी लागते, त्याला दोन्ही हात आणि खांद्याचा जोर लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर दाबायचा, पुढची गोळी समोर येते.

गन विकणारा म्हणेल, हे नवशिक्यांसाठी सोपं. अजिबात नाही. हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का हाताला झिणझिण्या आणतो, जड ट्रिगर ओढताना नेम हलतो, आणि तुम्ही तर ते डाव्या हाताने करणार. सात यार्डांवरचा कागदही सुरुवातीला चुकेल. वापरलेली गन भाड्याने देणारी रेंज शोधा, विकत घ्यायच्या आधी डाव्या हाताने एक पेटी संपवून बघा. नाही जमलं तर रुगर एलसीपी मॅक्स बघा, ३०० ग्रॅमच्या आसपास, पण ती .३८० ची आहे. .३८० आणि ९ एमएम या दोन्हींच्या गोळीचा व्यास सारखाच, फक्त .३८० चं काडतूस आखूड. दोन्ही पेट्या एका कप्प्यात ठेवल्या की कधीतरी आखूड काडतूस ग्लॉकच्या मॅगझिनमध्ये जाणार. वेगळ्या खोल्यांत ठेवा.

आता भाच्याचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. एच-१बी, एफ-१, एल-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने अमेरिकेत गन किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. टेक्सासमध्ये २०२१ पासून लायसन्सशिवाय गन बाळगता येते हे खरं, पण तो राज्याचा कायदा. फेडरल बंदी त्याने उठत नाही. ज्याच्यावर बंदी आहे हे माहीत असून त्याला गन देणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणजे त्या एका क्षणात तुम्ही दोघंही अडकता. आणि गनशी संबंधित गुन्हा सिद्ध झाला तर इमिग्रेशन कायद्यानुसार देशाबाहेर काढायला तेवढं कारण पुरतं, ग्रीन कार्ड असलं तरीही. पोराचं अमेरिकेतलं आयुष्य एका रात्रीत संपेल. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असेल तर या बंदीला अपवाद आहे, रेंजवर कुणीतरी तुम्हाला तो नक्की सांगेल. त्या अपवादाच्या भरवशावर काहीही करायच्या आधी भाच्याने स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं. मामाला नाही, मलाही नाही. त्याच्या हातात रात्री चांगला टॉर्च आणि ९११ लावलेला फोन द्या, सोबत म्हणून तेवढं काम पुष्कळ आहे. आणि घरातल्या तिजोरीचा नंबर त्याला माहीत नसू दे.

दुसऱ्या गनचा सगळ्यात मोठा धोका कुणी सांगत नाही: तिचा विसर पडतो. कमरेची गन जाणवते. खिशातली छोटी गन दोन महिन्यांत अंगाचा भाग होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर टीएसए या सुरक्षा यंत्रणेला तपासणीत ६,७३७ गन सापडल्या, त्यातल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या. ती माणसं काही विमान पळवायला निघाली नव्हती. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, विसरलो.

तुमच्या आठवड्यात अशा जागा कुठे येतात? मराठी शाळा. आपल्या बऱ्याच मंडळांचे वर्ग रविवारी भाड्याच्या शाळेच्या इमारतीत भरतात. रविवार असला तरी इमारत शाळेचीच. तिथे लायसन्स असूनही गन नेणं टेक्सासमध्ये फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. मुलांना सोडायला आत शिरताना पोटापुढची ग्लॉक आठवेल, गाडीत कुलूपबंद कराल, आणि डाव्या खिशातलं रिव्हॉल्व्हर घेऊन गणपतीच्या आरतीच्या तालमीत जाऊन बसाल. देवळाच्या दारावर ३०.०६ ची (टेक्सासच्या दंडसंहितेतल्या त्या कलमाची) पाटी असेल तर लायसन्सवाल्यालाही लपवलेली गन आत नेता येत नाही. लाल रंगाची ५१ टक्क्यांची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूतून) असलेल्या बारमध्येही नाही. म्हणून सवय अशी लावा की दोन्ही गन एकत्रच अंगावर चढतील आणि एकत्रच उतरतील. एक गाडीतल्या पेटीत गेली की दुसरी तिच्या शेजारी गेलीच पाहिजे.

लायसन्स मात्र सोडू नका. २०२१ नंतर ते लागत नाही म्हणून बऱ्याच जणांनी नूतनीकरण केलं नाही. शाळेपासून हजार फुटांच्या आत गन बाळगण्यावर फेडरल बंदी आहे आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचं लायसन्स असलेल्यांना. केटीत कुठल्याही रस्त्याने जा, हजार फुटांत शाळा येतेच.

पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर गनचं लायसन्स द्या आणि दोन्ही गन कुठे आहेत ते शांतपणे सांगा. 'कमरेला एक आहे' म्हणालात आणि नंतर खिशात दुसरी सापडली, तर त्या पोलिसाच्या डोक्यात काय येईल? खिशात हात घालून दाखवायला जाऊ नका.

न्यू मेक्सिको तुमच्या टेक्सासच्या लायसन्सला मान देतं, पण तिथल्या लपवून बाळगण्याच्या लायसन्सच्या नियमात एका वेळी एकच हँडगन अंगावर बाळगायला परवानगी आहे. म्हणजे एल पासो ओलांडलंत की बॅकअप अंगावरून उतरली पाहिजे. मी म्हणेन, या ट्रिपला ती घरच्या तिजोरीतच ठेवा. व्हाइट सँड्स हे नॅशनल पार्क आहे. पार्कात राज्याचा कायदा चालतो, पण व्हिजिटर सेंटर ही फेडरल इमारत, तिथे एकही नाही. न्यू जर्सीला नातेवाईक असतील तर तिकडे टेक्सासचं लायसन्स मुळीच चालत नाही. तिथल्या परवानाधारकालाही एका वेळी दोनपेक्षा जास्त गन बाळगता येत नाहीत.

वहिनींबद्दल. त्यांना काय पसंत नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला वाटतं, त्यांना रात्री घरात दोन भरलेल्या गन कुठे पडतील याची काळजी असावी, आणि ती रास्त आहे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागली आणि ती तुम्ही नीट बंदोबस्तात ठेवली नव्हती, तर तो तुमचा गुन्हा. खिशातली गन फसवी असते: पँट खुंटीला गेली की गनही खुंटीला जाते, आणि सोमवारी पँट धुवायच्या ढिगात. बिछान्याशेजारी बोटाच्या ठशावर किंवा बटणांवर उघडणारी छोटी तिजोरी बसवा. दारातून आत आलात की आधी तिजोरी, मग चहा. वहिनींनाही वर्गाला आणा. त्यांनी गन बाळगावी म्हणून नाही, तर घरातली गन रिकामी आहे की भरलेली हे त्यांना ओळखता यावं म्हणून.

आणि त्यांच्या बाजूने एक प्रश्न मीही विचारतो. रोज रात्री कॅश तुम्हीच का नेता? नोटा आत टाकल्यावर मोजून घेणारी आणि तुम्हालाही न उघडता येणारी सेफ भाड्याने मिळते. कॅश उचलायला चिलखती गाडी येते. दारावर तशी पाटी लावली की लुटायला येणाऱ्याचा हिशेबच बदलतो. महिन्याचा खर्च येईल, पण दुसरी गन, दोन होल्स्टर, गोळ्या आणि रेंजची फी मिळवून बघा. ते जमत नसेल तर निदान बँकेत जायची वेळ बदलत राहा. रोज तीच वेळ, तोच रस्ता आणि तीच निळी बॅग असेल तर दोन काय, चार गन असूनही उपयोग नाही.

राहिलं पुणं. गन घेऊन जायचा प्रश्नच नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. माणसं अडकतात ती काडतुसामुळे. रेंजला नेलेली बॅग पुढे प्रवासाला वापरली जाते, तिच्या अस्तरात एखादं काडतूस राहिलेलं असतं, आणि ते भारतात तपासणीत दिसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली एका काडतुसावरही गुन्हा नोंदला जातो. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं असं मानून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण ते सगळं नंतर. तोवर सुट्टी पोलीस चौकीत आणि वकिलाच्या पायऱ्यांवर जाते. रेंजसाठी वेगळी बॅग घ्या, भडक केशरी रंगाची. डिसेंबरात न्यायच्या बॅगा आठवडाभर आधी अंगणात उलट्या करा, प्रत्येक चेन उघडा, अस्तरावरून हात फिरवा. ज्या जॅकेटच्या खिशातून कधी काडतुसं नेली असतील ते केटीलाच राहू द्या. पुण्यात डिसेंबरात स्वेटर पुरतो.